सूर्यकिरणांची साक्ष

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असें आपण म्हणतों तेव्हां डोळ्यांच्या साक्षीपुढें दुसरी साक्ष नको, हाच आपला अभिप्राय असतो. प्रमाणें किती मानावींत याविषयीं शास्त्रकारांत मतभेद पुष्कळ. परंतु ज्यांनीं इतर सर्व प्रमाणें झुगारून दिलीं त्या चार्वाकांनींहि प्रत्यक्षाला हात लावला नाहीं. असें असतां एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोप-अमेरिकेंत एक चमत्कारिक गोष्ट घडली. जें यंत्र केवळ प्रत्यक्षाची नोंद करण्यासाठीं जन्मास आलें, ज्याला ना कल्पना, ना पक्षपात, ना लोभ, त्याच यंत्राकडून मेलेल्या माणसांच्या अस्तित्वाची साक्ष काढण्यांत आली; आणि ती साक्ष बनावट आहे असें प्रत्यक्ष ती रचणाऱ्यानें न्यायासनापुढें कबूल केल्यावरहि, ज्यांच्यासाठीं ती रचली होती त्यांनीं ती सोडली नाहीं. या लोकांना भोळे म्हणून निकालांत काढणें सोपें आहे. आम्हांसहि प्रथम तसेंच वाटत असे. परंतु आमच्या स्वतःच्या घरांत एक छायाचित्र आहे, आणि त्याच्याकडे पाहतां पाहतां त्या लोकांना हंसण्याचा आमचा अधिकार किती, याविषयीं आमच्या मनांत शंका उत्पन्न झाली. त्या चित्राची हकीकत पुढें येईलच. आधीं मूळ विषय सांगितला पाहिजे.

मनुष्याला दोन डोळे कां, हा प्रश्न लहान मूल विचारतें तसाच शास्त्रज्ञहि विचारतो. दोन डोळ्यांत सुमारें अडीच इंचांचें अंतर असतें. त्यामुळें समोरची वस्तु उजव्या डोळ्याला किंचित् एका बाजूनें आणि डाव्याला किंचित् दुसऱ्या बाजूनें दिसते. हीं दोन भिन्न चित्रें मनांत एक होतात आणि त्या एकीकरणांतून खोलीचा बोध होतो. एक डोळा मिटून सुईंत दोरा ओवूं पाहावा, म्हणजे याचा प्रत्यय कोणासहि येईल. ही गोष्ट प्रयोगानें सिद्ध करून दाखविली ती इंग्लंडांतील चार्ल्स व्हीटस्टन यानें, १८३८ सालीं, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें. एकाच घनाकृतीचीं दोन रेखाचित्रें, एक उजव्या डोळ्याला दिसेल तसें व दुसरें डाव्याला दिसेल तसें, काढून त्यानें तीं दोन आरशांच्या साह्यानें एकेका डोळ्यापुढें आणलीं. त्याबरोबर कागदावरच्या सपाट रेघा उठून उभ्या राहिल्या. या यंत्राचें नांव स्टिरिओस्कोप. मराठींत त्याला घनदर्शक म्हणावयास हरकत नसावी. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. दागेरच्या छायाचित्रणाची घोषणा झाली ती १८३९ सालीं. म्हणजे छायाचित्रणाचें नांव जगाच्या कानीं पडण्यापूर्वींच हें सिद्ध झालें होतें कीं, जें आपण समोर आहे म्हणून पाहतों त्यांतला एक मोठा भाग समोर नसतोच. तो पाहणाराच्या मनानें भरलेला असतो. घनदर्शकांतील खोली उजव्या चित्रांत नसते, डाव्या चित्रांत नसते, दोहोंच्या मधल्या पुठ्ठ्यांतहि नसते. तरी ती दिसते, आणि बहुतेक सर्वांना सारखीच दिसते.

हें यंत्र घराघरांत नेण्याचें श्रेय स्कॉटलंडच्या सर डेव्हिड ब्रूस्टरला द्यावें लागतें. हा गृहस्थ मूळचा धर्मोपदेशकाच्या शिक्षणाचा, पण त्यानें आयुष्य घालविलें प्रकाशाच्या अभ्यासांत. मुलांच्या हातांतील शोभादर्शक ही त्याचीच करामत. त्यानें आरशांच्या जागीं भिंगें बसवून १८४९ सालीं सुटसुटीत असा घनदर्शक तयार केला. स्वदेशांतील कारागिरांनीं त्याला दाद दिली नाहीं, तेव्हां पॅरिसच्या द्युबॉस्क नांवाच्या कारागिरानें तो बनविला. आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत तो व्हिक्टोरिया राणीच्या मनास आल्यावर मग काय विचारावें! राजा बोले, दल हाले. १८५४ सालीं घनदर्शकाचाच व्यापार करणारी एक कंपनी लंडनमध्यें निघाली व घनदर्शकावांचून एकहि घर असूं नये, असें ब्रीद तिनें मिरविलें. योगायोग असा कीं, त्याच सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधु नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थहि त्या कलेच्या नादीं लागले. तिकडे लोक दिवाणखान्यांत बसल्या बसल्या मिसर देशाचे पिरॅमिड आणि आल्प्सच्या हिमनद्या पाहूं लागले. आपल्या जत्रांतील सैरबिनीची हौस तीच. फरक इतकाच कीं, ही सैरबीन शास्त्राच्या नांवावर घरांत शिरली होती.

ब्रूस्टरनें १८५६ सालीं घनदर्शकावर एक पुस्तक लिहिलें. त्यांत करमणुकीचा एक प्रकार म्हणून भुताचें छायाचित्र कसें काढावें याची कृति त्यानें दिली आहे. ती पाकशास्त्राच्या पुस्तकांतल्या कृतीइतकी सरळ आहे. त्या काळीं काच कांहीं सेकंद प्रकाशापुढें उघडी ठेवावी लागे. खोलींतल्या मंडळींनीं निश्चल बसावें. पांढरें वस्त्र पांघरलेल्या एकानें मध्यें येऊन थोडा वेळ उभें राहावें आणि झटकन् बाजूला व्हावें. तो जितका वेळ उभा राहिला तितकाच चित्रांत उमटतो. तो गेल्यावर त्याच्या मागची खुर्ची, भिंत, पडदा हींहि उमटतात, आणि त्याच्या देहांतून पलीकडची खुर्ची दिसूं लागते. दागेरनें १८३८ सालीं पॅरिसच्या एका वाहत्या रस्त्याचें चित्र घेतलें, त्यांत याच्या उलट प्रकार घडला होता. गाड्या, घोडे, माणसें सर्व हलतीं म्हणून यंत्रानें कोणाचीच नोंद केली नाहीं. सारा रस्ता ओस दिसतो. फक्त जोड्याला पॉलिश करून घेण्यासाठीं एक जण एका जागीं थांबला होता, तेवढा उमटला. जिवंतांना नाहींसें करणारें यंत्र मेलेल्यांना उभें करूं लागलें तर त्यांत नवल कसलें?

लंडनच्या त्या कंपनीनें ब्रूस्टरच्या कृतीवरून भुतांचीं जोडचित्रें काढून विकावयास मांडलीं, आणि ही कल्पना ब्रूस्टरची असें त्यांवर आभारपूर्वक छापलें. घाबरल्याचें सोंग केलेलीं माणसें आणि मध्यें पारदर्शक भूत, असा तो मासला. मुलांबाळांनीं तीं पाहावींत, हंसावें आणि डब्यांत ठेवावींत. हाच ब्रूस्टर त्याच्या चोवीस वर्षें आधीं, १८३२ सालीं, सर वॉल्टर स्कॉटला उद्देशून लिहिलेल्या पत्रांच्या रूपानें एक ग्रंथ लिहून चुकला होता. प्राचीन काळच्या पुरोहितांनीं व राजांनीं आरसे, भिंगें आणि धूर यांच्या बळावर प्रजेला देव व भुतें दाखवून कसें अंकित ठेविलें, हें त्यांत उघड केलें आहे. अर्थात् भुताची कृति त्यानें दिली ती भूत मोडण्यासाठीं. ज्याला कृति ठाऊक, तो भुलणार नाहीं, असा त्याचा हिशेब होता. तो हिशेब पांच-सहा वर्षांतच चुकला.

चुकण्याचें कारण अमेरिकेंत घडलें. १८४८ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील हाइड्सव्हिल या खेड्यांत फॉक्स घराण्यांतील दोन बहिणी ठोक्यांच्या आवाजांवरून मृतात्म्यांशीं संभाषण करतात अशी वार्ता पसरली, आणि तेथून परलोकविद्येची लाट उसळली. ती कदाचित् आपोआप ओसरलीहि असती. परंतु १८६१ सालीं यादवी युद्ध सुरू झालें आणि चार वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसें मेलीं. त्यांपैकीं किती तरी जण घरापासून शेंकडों कोस दूर, ओळख न पटतां, पुरले गेले. अंत्यदर्शन नाहीं कीं मूठमाती नाहीं. मुलगा गणवेश चढवून उंबरठ्याबाहेर पडला, एवढेंच आईनें पाहिलेलें. त्याच्या पुढचें सर्व एका कागदाच्या चिठोऱ्यावर आलेलें.

याच सुमारास बोस्टन शहरांत विल्यम मम्लर नांवाचा एक कारागीर होता. दागिन्यांवर नक्षी खोदणें हा त्याचा धंदा. फावल्या वेळीं छायाचित्रें काढण्याचा नाद लागला असतां स्वतःच्याच एका चित्रांत त्याला शेजारीं एक पुसट मुलगी दिसली. ती बारा वर्षांपूर्वीं वारलेली आपली एक नात्यांतील बहीण होय, असें तो सांगूं लागला. त्या काळीं काचा पुन्हा पुन्हा वापरीत. वापरलेली काच घासून स्वच्छ करावयाची आणि तिच्यावर कोलोडियनचा नवा लेप द्यावयाचा. घासण्यांत हयगय झाली तर जुनी आकृति नव्या चित्रांत डोकावे. मम्लरची ही पहिली बहीण अशीच काचेच्या मळांतून आली असेल. पण पुढचीं भुतें तशीं आलीं नाहींत. तो एका खेपेचे दहा डॉलर घेऊं लागला, साध्या चित्राच्या मानानें हा दर कितीतरी जबर होता. आणि लोक ते देऊं लागले. १८६३ सालीं परलोकवादी मंडळींपैकींच एकानें असें ओळखलें कीं, मम्लरच्या चित्रांतील एक ‘मृतात्मा’ म्हणजे थोड्याच आठवड्यांपूर्वीं त्याच्याकडे छायाचित्र काढवून गेलेली जिवंत व्यक्ति आहे. त्यामुळें त्याचें बोस्टनमधील बस्तान कांहीं काळ बिघडलें, इतकेंच.

आमच्या मतें या सर्व प्रकरणांत खरा विचार करण्याजोगा माणूस मम्लर नव्हे; तो ऑलिव्हर वेंडेल होम्स. बोस्टनचा हा डॉक्टर, हार्वर्डमध्यें शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक, शिवाय कवि आणि निबंधकार. घनदर्शकावर याचें विलक्षण प्रेम. १८५९ सालीं त्यानें ‘अटलांटिक मंथली’ मासिकांत त्याच्यावर निबंध लिहिला. पुढें हातांत धरावयाचा एक स्वस्त घनदर्शक स्वतः तयार केला आणि त्याचा एकाधिकार न घेतां तो जगाला फुकट देऊन टाकला. १८६२ च्या सप्टेंबरांत अँटिएटमची लढाई झाली. एका दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून बावीस हजारांहून अधिक लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. होम्सच्या तरुण मुलाच्या मानेंत गोळी शिरल्याची तार आली आणि बाप त्याला शोधीत रणभूमीकडे निघाला. मुलगा सांपडला, जगला, आणि पुढें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. परंतु शोधाच्या त्या दिवसांत बापानें जें पाहिलें तें पाहिलें. थोड्याच दिवसांत मॅथ्यू ब्रेडीच्या न्यूयॉर्कच्या चित्रशाळेंत त्या रणभूमीवरील प्रेतांचीं छायाचित्रें मांडण्यांत आलीं. ब्रेडीच्या पदरीं असलेल्या अलेक्झांडर गार्डनरनें तीं घेतलीं होतीं, आणि त्यांतलीं बहुतेक घनदर्शकासाठीं जोडीनें घेतलेलीं होतीं. भिंगांना डोळे लावतांच कुंपणाशीं पडलेलें प्रेत कागदावरून उठून अंगावर यावें, अशी ती योजना.

होम्सनें तीं चित्रें पाहिलीं आणि कपाटाच्या आंत खोल ठेवून दिलीं. प्रेतें पुरावींत तशीं तीं आपण पुरलीं, असा भाव त्यानें १८६३ सालच्या आपल्या निबंधांत प्रकट केला आहे. आणि त्याच निबंधांत भुतांच्या छायाचित्रांचाहि समाचार आहे. अश्रूंनीं डोळे भरलेल्या आईला बाळाच्या झबल्यासारखी कांहींशी घडी आणि तोंडासारखा कांहींसा गोल डाग दिसला कीं तिला तेवढें पुरे, असें तो उपहासानें लिहितो. हे दोन मजकूर आम्हीं एकापाठीं एक वाचले, आणि जोडचित्रांतली आकृति उठून उभी राहावी तसें झालें. ज्या चित्रांत मृत खरोखर होते त्यांकडे पाहवेना. ज्यांत ते नव्हते त्यांवरून दृष्टि हलेना. खरे कपाटांत गेले, खोटे भिंतीवर चढले. होम्सचा उपहास प्रकाशशास्त्राच्या दृष्टीनें बरोबर आहे. परंतु त्याचा मुलगा परत आला होता. कपाट बंद करण्याचें सामर्थ्य ज्याला आहे त्यानें, ज्यांच्याजवळ कपाटांत ठेवावयासहि कांहीं उरलें नाहीं त्यांना हंसावें, हें आम्हांस थोडें कठोर वाटतें.

१८६९ सालीं न्यूयॉर्कमध्यें मम्लरवर फसवणुकीचा खटला झाला. तमाशे आणि अजबखाने यांचा बादशहा पी. टी. बार्नम हा त्याच्याविरुद्ध साक्षीस उभा राहिला. फसवणुकीच्या विषयांत याच्याइतका अधिकारी साक्षीदार मिळणें कठीणच. त्यानें एका कुशल छायाचित्रकाराकडून स्वतःच्या पाठीशीं लिंकनचें भूत उभें असलेलें चित्र काढवून आणिलें होतें. उलट पक्षीं एक माजी न्यायाधीश, एक धनाढ्य सावकार अशीं वजनदार माणसें आपल्याला परलोकवासी माणसें दिसल्याचें शपथेवर सांगतीं झालीं. लबाडी झाली असावी अशी न्यायाधीशाच्या मनाची खात्री होती. पण ती कशी केली हें फिर्यादी पक्षाला सिद्ध करतां येईना, म्हणून मम्लर सुटला. त्यानंतर केव्हां तरी काळ्या वस्त्रांतली एक विधवा खोटें नांव सांगून त्याच्याकडे गेली. तिच्या नवऱ्याला १८६५ सालीं, तिच्या शेजारीं बसला असतां, गोळी घालण्यांत आली होती; चार मुलांपैकीं तीन तिच्या हयातींत वारले. मम्लरच्या काचेवर अब्राहम लिंकन तिच्या खांद्यांवर हात ठेवून उभा आहे. ही बाई कोण हें आपणांस आधीं कळलें नव्हतें, असें मम्लर म्हणे. आम्हांस तें पटत नाहीं. पण तिच्या चेहऱ्यावर जी शांति आहे ती मम्लरनें रंगविलेली नव्हे, हेंहि कबूल केलें पाहिजे.

हे सारे शोकानें विव्हळ झालेले सामान्य लोक, शास्त्रज्ञ असते तर फसले नसते, असें कोणास वाटेल. विलायतेंत १८७२ सालीं फ्रेडरिक हडसननें हाच धंदा मांडला. १८७४ सालीं त्याच्याकडे गेलेल्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस होता. डार्विनच्या बरोबरीनें आणि स्वतंत्रपणें नैसर्गिक निवडीचें तत्त्व शोधणारा तोच वॉलेस. मलाया द्वीपसमूहांत आठ वर्षें हिंडून किड्याफुलपाखरांच्या पंखांवरचे सूक्ष्म भेद टिपणारी त्याची दृष्टि. त्या दृष्टीला हडसनच्या काचेवर सहा वर्षांपूर्वीं वारलेली आई दिसली. काचेंत कांहीं लबाडी असली तरी हडसनजवळ माझ्या आईचें चित्र कोठून येणार, असा त्याचा युक्तिवाद. तो बिनतोड दिसतो. त्यांत खोट एवढीच कीं, काचेवर आहे ती आपली आईच, हें त्यानें सिद्ध न करतां गृहीत धरलें. घनदर्शकाला दोन चित्रें लागतात. येथें काचेवरचा पुसट चेहरा हें एक, आणि मुलाच्या अंतःकरणांतील आई हें दुसरें. दोहोंच्या मीलनांतून जी मूर्ति उठून उभी राहिली ती वॉलेसला सर्वांगीं खरी वाटली. मात्र घनदर्शकांतील पिरॅमिड शेजाऱ्यालाहि दिसतो. ही आई शेजाऱ्याला दिसत नाहीं.

आतां पॅरिसचा खटला. १८७५ सालीं एदुआर बुगे नांवाच्या छायाचित्रकाराला पोलिसांनीं पकडलें. त्याच्याकडे कापडांत गुंडाळावयाची एक बाहुली निघाली आणि तिला लावण्याच्या चेहऱ्यांनीं भरलेली पेटी निघाली: म्हाताऱ्यांचे, तरुणांचे, बायकांचे, मुलांचे चेहरे. बुगेनें आढेवेढे घेतले नाहींत. गिऱ्हाईक बसलें असतां आपल्याकडची बाई गोडीगुलाबीनें मृताचें वय, रंगरूप विचारून घेई आणि मग त्या मानानें चेहरा निवडीत असूं, हें त्यानें सांगून टाकलें. बाहुली आणि पेटी न्यायालयांत मांडण्यांत आली. मग साक्षीदार आले. आणि त्यांनीं बुगेच्या विरुद्ध नव्हे, तर बुगेच्या कबुलीच्या विरुद्ध साक्ष दिली! चित्रें विकण्याचा धंदा करणारा एक मनुष्य म्हणाला कीं, तें चित्र माझ्या पत्नीचेंच आहे. नातलगानें तें पाहतांच ओळखलें, मुलांनींहि ओळखलें. न्यायाधीशानें बुगेला विचारलें. बुगे म्हणाला, निव्वळ योगायोग. यांच्या पत्नीचें चित्र माझ्यापाशीं कधींच नव्हतें. साक्षीदार जागचा हलला नाहीं. बुगेला एक वर्षाची कैद आणि पांचशें फ्रँक दंड झाला, आणि तो मनुष्य, आम्ही समजतों, चित्र घेऊन घरीं गेला.

येथें नीतीचा खरा प्रश्न उभा राहतो. ज्याला लुटलें तो लुटलों म्हणत नाहीं. मग गुन्हा कोणाचा झाला? होरपळलेल्या मनावर कोणीं फुंकर घातली आणि ती फुंकर खोटी असली, तर बिघडलें काय? वैद्य मरणोन्मुख रोग्याला बरा होशील म्हणून सांगतो. महाभारतांतहि प्राणसंकटाच्या वेळीं बोललेलें असत्य क्षम्य मानलें आहे. हा पक्ष आम्ही हलका समजत नाहीं. बुगेनें पैसे घेतले, हें त्यावर उत्तर नव्हे; पैसे न घेतां त्यानें हेंच केलें असतें तर तें पुण्य झालें असतें काय? त्यानें अंधश्रद्धा वाढविली, हेंहि उत्तर पुरेसें नाहीं. मृताच्या भेटीची इच्छा बुगेनें निर्माण केलेली नव्हती. आमच्या मतें त्याचा अपराध निराळाच आहे. त्या साक्षीदाराजवळ आपल्या पत्नीच्या चेहऱ्याची एक आठवण होती. सर्व आठवणींप्रमाणें ती पुसट होत चालली असेल. बुगेनें त्या पुसट जागेंत पेटींतला चेहरा बसविला. त्या दिवसापासून तो नवरा पत्नी म्हणून जिला आठवील ती पुठ्ठ्याची. त्याचे अश्रु खरे, त्याचें प्रेम खरें. परंतु जिच्यावर त्यानें प्रेम केलें ती बाई दुसऱ्यांदा मेली, आणि या खेपेस तिच्यासाठीं कोणी रडलें नाहीं.

वाचक म्हणतील, मग लंडनच्या कंपनीचीं भुतें निर्दोष कशीं? काच तीच, कोलोडियन तेंच, युक्तीहि बहुतेक तीच. त्याचें उत्तर असें कीं, सूर्यकिरण खोटें बोलत नाहींत, परंतु ते मुळीं बोलतच नाहींत. बोलतो तो चित्राबरोबरचा मजकूर. ‘हें भूत’ म्हणून हंसत विकलेलें चित्र खेळणें होतें, ‘ही तुमची आई’ म्हणून हळूच हातांत ठेवलेलें तेंच चित्र चोरी होते. आपले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं ‘प्रोफेसर केल्फा’ या नांवानें जादूचे प्रयोग करीत. जादू पाहावयास आलेल्या प्रेक्षकानें स्वखुषीनें आपले डोळे जादूगाराच्या स्वाधीन केलेले असतात आणि खेळ संपल्यावर ते परत मिळावयाचे असतात. अलीकडे संगणकाच्या साह्यानें मृताचें जुनें छायाचित्र डोळ्यांची उघडझांप करूं लागतें, मान वळवितें, त्याचा आवाजसुद्धां बनवून मिळतो. मम्लरच्या दहा डॉलरांहून तें स्वस्त पडतें. तेथेंहि आमचा प्रश्न हाच राहील कीं, देणारा काय म्हणून देतो आणि घेणारा काय समजून घेतो.

येथवर आमचा विचार आम्हांस बराचसा ठाकठीक वाटत होता. आतां घरचें चित्र.

आमची थोरली आत्या अकराव्या वर्षीं विषमज्वरानें वारली. तिचें हयातींत एकहि छायाचित्र निघालें नव्हतें. त्या काळीं मुलीचें चित्र निघालेंच तर लग्नांत निघे. वर्षश्राद्धाच्या आधीं आजोबांनीं तालुक्याच्या गांवाहून एका छायाचित्रकाराला बोलाविलें. त्यानें सुचविलें कीं, धाकटी बहीण बरीचशी तिच्यासारखीच आहे, तिलाच बसवूं. धाकटी त्या वेळीं नऊ वर्षांची. तिला थोरलीचें परकर-पोलकें घातलें, थोरलीसारखा मधोमध भांग पाडला, आणि मागाहून चित्रावर हात फिरवितांना त्यानें हनुवटीवरचा तीळ काढून टाकला व डोळे किंचित् मोठे केले. तें चित्र चौकटींत बसून माजघरांत लागलें. खालीं आजोबांनीं थोरलीचें नांव आणि तिथि लिहविली. दर वर्षीं त्याला हार पडे आणि आम्ही मुलें नमस्कार करीत असूं.

एकदां आम्हीं आजीला विचारलें, “थोरली आत्या अगदी धाकट्या आत्यासारखी दिसायची का ग आजी?”

आजी वाती वळीत बसली होती. ती म्हणाली, “अरे, ती धाकटीच आहे. थोरलीचं तोंड माझ्या डोळ्यांपुढं आहे, ते भिंतीवर कशाला हवं? हार घालायला काहीतरी लागतं, म्हणून ती तसबीर.”

ब्रूस्टरनेंहि याहून स्पष्ट सांगितलें नसतें. कृति ठाऊक होती, भूल नव्हती, आणि दुःखाला टेकावयास जागाहि होती. पॅरिसच्या त्या साक्षीदाराला जें साधलें नाहीं तें आमच्या अशिक्षित आजीला साधलें, असें आम्ही पुष्कळ वर्षें मानीत आलों. परंतु आजी गेली. जिच्या डोळ्यांपुढें तें तोंड होतें ती गेली. तसबीर राहिली, आणि तिच्याखालचें नांव राहिलें.

धाकटी आत्या ऐंशीच्या घरांत पोंचली. अखेरच्या दोन वर्षांत तिची स्मृति पार ढासळली. नातवंडांचीं नांवें चुकूं लागलीं, जेवण झालें कीं नाहीं हें आठवेना. दुपारीं माजघरांत खुर्ची टाकून ती त्या तसबिरीसमोर बसून राही. एके दिवशीं आम्ही जवळ गेलों तेव्हां तिनें आमचा हात धरला आणि म्हणाली, “इतकी वर्षं ताईचं तोंड मला आठवतच नव्हतं रे. आता बघ कसं स्पष्ट दिसतंय. माझ्याकडं बघून हसतेय.”

चित्रांतली मुलगी हंसत नाहीं. त्या काळच्या चित्रांतून सहसा कोणीच हंसत नाहीं. ती कोण, हेंहि आम्हांस ठाऊक होतें. आम्हीं तिच्या पाठीमागची उशी नीट केली आणि म्हटलें, “हो आत्या, अगदी स्पष्ट दिसतेय.”